बांधावरच्या ओकांखाली

सालींची बादली कोंबड्यांच्या जाळीपाशी रिती करताना मिलादाच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं आणि तिचा हात तिथेच थबकला.

बटाट्याचं साल नव्हतं ते, गाजराचं टोकही नव्हतं. अळंबीचं बूड होतं, फुगीर, मातीने माखलेलं. तिने माती अंगठ्याने पुसली. त्या फुगीर भागाभोवती एक पातळ, सैल कातडं होतं, अंड्याच्या कवचाच्या आतून निघतं तसं, आणि ते फाटून पिशवीसारखं लोंबत होतं. तिने ते उजेडाकडे धरलं. पण उजेडाचा तिला गेलं वर्षभर काही उपयोग राहिला नव्हता. ऊन जितकं लख्ख, तितकं डोळ्यांपुढचं दूध दाट. तिला एक फिकट डाग दिसला, एवढंच. बोटं मात्र पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.

बुडाशी पिशवी असलेली अळंबी. तळ्यांच्या या मुलखात शाळेत न जाणारं पोरही ती ओळखतं. हिरवट टोपीची मुखोमूर्का. ओकाखाली उगवते, चवीला वाईट लागत नाही, आणि एक टोपी अख्ख्या घराला पुरते.

एक कोंबडी पुढे झाली. मिलादाने तिला पायाने मागे लोटलं आणि गुडघ्यांवर बसून सगळी सालं चाचपायला सुरुवात केली. टोपी सापडली, तर सगळं निभावलं. टोपी इथे असेल तर ती पातेल्यात गेली नाही. तिने ओली सालं, कांद्याची फोलपटं, शेपूचे जाड देठ, एकेक करून बाजूला सारले. चांगल्या अळंबींची बुडं सापडली, किडक्यांचे तुकडे सापडले. टोपी सापडली नाही.

 ती तशीच बसून राहिली आणि सकाळ आठवू लागली. उजाडता उजाडता ती टोपली घेऊन तळ्याच्या बांधावर गेली होती. बांधावरचे ओक जुने, त्यांच्या मुळांत दरवर्षी भाद्रपदासारखी ओल धरून राहते, आणि पाऊस पडून गेल्यावर तिथे हिरव्या टोपीच्या खाण्याच्या अळंबी भरपूर येतात. त्या ती जन्मभर वेचत आली होती. पूर्वी प्रत्येक अळंबी उलटी करून बघायची. आता बघण्यात अर्थ नव्हता म्हणून हातांवर भिस्त. आणि आज खानावळीच्या स्वयंपाकघरात मालक राडिम मागे उभा राहून तळ्यावरच्या कामगारांच्या गुलाशची, मांसाच्या दाट रश्शाची, घाई करत होता, तेव्हा तिने मातीची बुडं सुरीच्या एकेका फटक्यात उडवली. चाचपली नाहीत.

डोळ्यांचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. राडिमच्या बापाच्या वेळेपासून ती या खानावळीत होती. बाप गेल्यावर राडिमने दोनदा बोलून दाखवलं होतं की शहरातून कणकेचे तयार गोळे, क्नेडलिक, मागवले, नुसते वाफवून कापले की काम झालं, कणीक मळत बसायला नको. मोतीबिंदू झालाय असं एकदा कळलं असतं की तो मायेने म्हणाला असता, मिलादाबाई, आता आराम करा. त्या आरामाची तिला धास्ती होती. म्हणून ती भांड्यांच्या जागा पाठ करून वावरत होती, आणि मीठ चिमटीने, रंग वासाने ओळखत होती. तळ्याकाठच्या रस्त्याने सायकलवरून येणारे लोक तिची कुलाइदा खायला मुद्दाम इथे थांबायचे. बटाटा, अळंबी, आंबट साय, वर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं आणि मूठभर शेपू. प्रवाशांना कुणीतरी सांगितलेलं असायचं की सूप खायचं तर इथे, आणि फळांचे क्नेडलिक खायचे तर पलीकडे गिरणीपाशी.

आज सूप थोडंच केलं होतं. कामगार सगळे गुलाशवाले. सूप कुणी खाल्लं ते तिला विचार न करताही ठाऊक होतं. रोज दुपारी इथेच जेवणाऱ्या म्हाताऱ्या लोइझाने खाल्लं, दोन वाडगे. ब्रनोहून सायकलने आलेल्या जोडप्याने खाल्लं आणि त्यांच्या लहान मुलीने. आणि तिने स्वतः, चव घेता घेता आणि मग पावाबरोबर थोडं.

स्वतःचं तिला शेवटी आठवलं. 

ते बूड फडक्यात बांधून ती आत गेली. राडिम गल्ल्यापाशी ग्लास पुसत होता. तिने फडकं उलगडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं, आणि पहिली गोष्ट कुठली केली तर दाराकडे बघितलं, कुणी येत तर नाही ना.

तिने त्याला सगळं सांगितलं, डोळ्यांचं सोडून. राडिम वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, आणि घाबरलेला माणूस आधी दार लावून घेतो. तो हळू आवाजात बोलू लागला. कदाचित टोपी किडकी होती म्हणून तिनेच फेकली असेल, जंगलातच. कदाचित हे बूड दुसऱ्याच कशाचं असेल. आता लोकांना सांगायचं, रुग्णवाहिका बोलवायच्या, आणि उद्या कळायचं की काही नव्हतंच. मग पुढच्या उन्हाळ्यात इथे कोण थांबणार आहे?

“संध्याकाळपर्यंत बघू,” तो म्हणाला. “कुणाच्या पोटात दुखलं, तर लगेच बोलावू. तुम्हाला काही होतंय का आत्ता?”

“काही नाही होत.”

“मग?”

तिला क्षणभर वाटलं, बघावं. हे म्हणणं किती सोपं होतं. पोटात खरोखरच काही होत नव्हतं. बाहेर लोइझा बिअर घेऊन बसला होता, त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. जगात काहीही बिघडलेलं नव्हतं. तिने फडक्याची गाठ पुन्हा बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग ती सिमोनाला शोधायला निघाली.

सिमोना टेबलं आवरत होती. मिलादाने तिला माडीच्या जिन्याखाली ओढलं आणि फोन तिच्या हातात दिला. प्रागला विषबाधेची माहिती देणारे डॉक्टर असतात, त्यांचा नंबर शोध आणि लाव, असं सांगितलं. सिमोनाने विचारलं, तुम्हीच का नाही लावत?

“मला आकडे दिसत नाहीत,” मिलादा म्हणाली. “कधीचे दिसत नाहीत. लाव.”

फोनवरच्या बाईचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मिलादाला भीती वाटली. बाईने बुडाचं वर्णन विचारलं, कुणी कधी खाल्लं ते विचारलं, मुलीचं वय विचारलं. मग तिने सांगितलं की सगळ्यांना ताबडतोब इस्पितळात न्या, कुणाला काही होण्याची वाट बघू नका. आत्ता सगळ्यांना बरंच वाटणार. या अळंबीचं हेच आहे. उलट्या सुरू होतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण यकृत आतल्या आत जळायला लागलेलं असतं. उरलेलं सूप असेल तर भांड्यासकट सोबत द्या. मी इथून इस्पितळाला कळवते.

राडिम जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. त्याने ऐकलं होतं.  त्याने पुसायचं फडकं खांद्यावरून काढलं, रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग सिमोनाला विचारलं, ते सायकलवाले कुठे गेले.

सिमोनाने सांगितलं की मुलीने सूप नीट खाल्लं नाही म्हणून तिची आई विचारत होती, जवळपास फळांचे क्नेडलिक कुठे चांगले मिळतात. तिने त्यांना गिरणीपाशी पाठवलं होतं. राडिमने गिरणीवर फोन लावला. फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. मग सिमोनाने तोंडावर हात ठेवला.

“आज मंगळवार,” ती म्हणाली. “गिरणी मंगळवारी बंद असते. मी विसरलेच.”

मिलादा भिंतीला टेकली. गिरणीपुढे रस्ता फुटतो. एक शहराकडे जातो, एक ल्होता गावामार्गे जंगलात शिरतो, आणि जंगलात फोन लागत नाहीत. त्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तिला हल्ली जास्त सुचायचं. एक मूल आहे, ज्याला गोड क्नेडलिक कबूल केलेत. गिरणीचं दार बंद. मूल रडणार. आई-बाप येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणार, दुसरीकडे कुठे मिळतील? आणि या वाटेवरचा कुठलाही माणूस त्यांना एकच जागा सांगेल.

“व्लास्ताला लाव,” ती राडिमला म्हणाली. “ल्होत्याला, फुटबॉलच्या मैदानाशी.”

व्लास्ता पूर्वी याच स्वयंपाकघरात होती. आता मैदानाशेजारी खिडकीतून उन्हाळ्याचे चार महिने खायला विकायची. तिने फोन उचलला. हो, आहेत की, ती म्हणाली, आताच टेकलेत. पोरगी ब्लूबेरीचे क्नेडलिक खातेय, तोंड निळं करून घेतलंय. का, काही विसरून आलेत का? राडिमने तिला सांगितलं.  मग व्लास्ताने विचारलं, “तिची ताटली काढून घेऊ की खाऊ देऊ?”  राडिम म्हणाला, खाऊ दे, फक्त त्यांना हलू देऊ नकोस, गाडी तिकडेच येतेय.

आता लोइझा राहिला.

तो बागेत चेस्टनटच्या झाडाखाली त्याच्या नेहमीच्या बाकावर होता, बरोबर तळ्यावरचे दोघं-तिघं जुने कामगार. लोइझा जन्मभर तळ्यांवर मासे धरणारा माणूस. बायको गेल्यापासून तो दुपारचं सूप इथेच खायचा. मिलादा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं की सुपात वाईट अळंबी गेली असावी, गाडी येतेय, तुला यायला हवं.

लोइझा हसला. “मिलादा, तुझ्या सुपाने मी मरायचा असतो तर केव्हाच गेलो असतो. मला राडिमची बिअर मारणार आहे.”

बाकीचेही हसले. तिने पुन्हा सांगितलं. त्याने सांगितलं की त्याला उत्तम वाटतंय, दोन वाडगे खाल्ले, तिसरा उरला असेल तर आण. तो शहराच्या इस्पितळात एकदाच गेला होता, बायकोबरोबर, आणि एकटा परत आला होता. तिथे नळी घशात घालून घ्यायला तो जाणार नव्हता. आणि का जायचं? मिलादा कधी चुकलीय? या बांधावरच्या अळंबी तिच्याइतक्या कुणाला माहीत आहेत? तो हे सगळ्या बागेला ऐकू जाईल असं बोलत होता, तिच्या बाजूने बोलत होता, आणि त्याच्या प्रत्येक शब्दागणिक तिचा जीव घाबरा होत होता. तिला कळलं की हा माणूस आपल्यावरच्या विश्वासापायी बाकावरून हलणार नाही.

“लोइझा,” ती म्हणाली, “मला दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“काहीच धड दिसत नाही. वर्ष झालं. तू समोर बसलायस ते आवाजावरून कळतंय. तू टोपी घातलीयस की नाही, ते मला इथून सांगता येणार नाही. आज सकाळी बांधावर मी हातांनी वेचलं, आणि इथे आल्यावर हातांनीही बघितलं नाही.”

बागेत कुणी हसलं नाही. राडिम दारात उभा होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं. मिलादाला त्यांचे चेहरे दिसत नव्हते आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचं बरं वाटलं.

लोइझाने ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. “असं आधी सांगायचं असतं, बाई,” तो म्हणाला, आणि उठला.

गाडीत ती त्याच्याशेजारी बसली. पातेलं तिच्या मांडीवर होतं, झाकणावरून टॉवेल बांधलेला. वळणावळणाला आतलं सूप हिंदकळत होतं आणि सगळी गाडी शेपूच्या वासाने भरून गेली होती. लोइझा आधी थट्टा करत होता. शहर जवळ आलं तेव्हा त्याने विचारलं, पोरीनेही खाल्लं का. ती म्हणाली, हो. त्यानंतर त्याने पातेल्यावर हात ठेवला, जणू ते सांडू नये म्हणून, आणि इस्पितळ येईपर्यंत काढला नाही.

तिथे पुढे सगळं भराभर झालं. नळ्या, काळं कोळशाचं पाणी, सुया, सलाईन. पातेलं कुणीतरी घेऊन गेलं. पुरुषांना एकीकडे नेलं, मुलीला मुलांच्या विभागात. तिचा बाप वीत, तपासून झाल्यावर सलाईनची दांडी हातात धरून तिच्याजवळच बसून राहिला. मिलादाला जिथे ठेवलं तिथे शेजारच्या खाटेवर त्या मुलीची आई होती. दोमिनिका तिचं नाव. परिचारिकेने हाक मारली तेव्हा मिलादाला कळलं.

दोमिनिका बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होती. मिलादा छताकडे बघत होती. छत काय आणि धुकं काय, तिला सारखंच. ती आपल्या पोटाकडे लक्ष लावून पडली होती. आत काहीतरी गुरगुरलं की अंगाला घाम फुटायचा. तिच्या लहानपणी गावात एक कुटुंब असंच गेलं होतं. आधी एक दिवस बरं वाटलं, उठून अंगणात आले, लोक म्हणाले वाचले. मग पिवळे पडले. ते बरं वाटणंच तिला आता सगळ्यात भयंकर वाटत होतं. निदान आपल्याला तरी आताच त्रास सुरू व्हावा, असं तिला वाटत होतं. तिने मनात म्हटलं, जे व्हायचं ते माझ्या पोटात होऊ दे. आणि लगेच तिला कळलं की असा सौदा कुणी ऐकत नसतं.

खिडकीबाहेर सूर्य उतरत असावा, कारण धुक्याचा रंग तांबूस झाला होता, तेव्हा दोमिनिका भिंतीकडेच बघत बोलली.

“आम्ही खायलाच निघालो होतो. दरवर्षी आठवडाभर जातो. एके ठिकाणी बदक, एके ठिकाणी कार्प. वीत म्हणाला, यंदा कुलाइदा, ती खरी तळ्यांकडेच मिळते.” ती थांबली. “रोझारकाला नको होतं. ती तोंड मिटून बसली होती. मी भरवलं. मी म्हटलं, दोन घास खा, मग क्नेडलिक. मी तिला किती भरवलं, मला आठवत नाहीये. दुपारपासून आठवतेय.”

 त्या मुलीची ताटली सिमोनाने आत आणून दिली होती आणि ती मिलादाने खरवडली होती. तिला ते आठवत होतं. अंडं नव्हतं, खाल्लं होतं. बटाटे थोडे होते. आणि काठाला लावून ठेवलेले अळंबीचे काप बोटांना लागले होते, बरेच. लहान मुलं तसंच करतात. तिने हे सांगायला तोंड उघडलं आणि थांबली. ती ताटली मुलीचीच होती ना? तिथे अजून ताटल्या होत्या का? या बाईला आता जे सांगू त्यावर ती रात्र काढणार.

“तिच्या ताटलीच्या काठाला अळंबी तशाच होत्या,” ती अखेर म्हणाली. “मी खरवडली ती ताटली. लहान होती, निळ्या काठाची, मुलांना देतो ती. हाताला लागल्या.”

दोमिनिका उठून बसली. “नक्की?”

“आज मी कशालाच नक्की म्हणणार नाही,” मिलादा म्हणाली. “हाताला लागलं ते सांगितलं.”

 दोमिनिका रागावली असती, ओरडली असती, तर मिलादाला समजलं असतं. पण तिने एवढंच विचारलं की तुम्हीही तेच सूप खाल्लं होतं का. मिलादा म्हणाली, हो. मग दोघी आपापल्या पोटाकडे कान लावून पडून राहिल्या, एकाच गोष्टीला भिणाऱ्या दोन बायका, आणि त्यांच्या मधल्या जागेत भिंतीवरचं घड्याळ वाजत राहिलं.

सकाळी निकाल आला. सुपात त्या अळंबीचे बीजकण होते. म्हणजे टोपी पातेल्यातच गेली होती. मुलीच्या पोटात काही सापडलं नाही. तिच्या आईला दिवसभर मळमळलं आणि उतरलं. वीतला तेवढंही झालं नाही. मिलादाला एकदा कळ येऊन गेली. टोपीचा मोठा भाग कुणाच्या वाडग्यात गेला होता ते त्याच सकाळी कळलं, कारण पुरुषांच्या विभागात लोइझाला उलट्या सुरू झाल्या होत्या.

त्याला वेगळ्या खोलीत हलवलं. डॉक्टरांनी मिलादाला सांगितलं की तो वेळेवर आला, संध्याकाळी आला असता तर वाचेल की नाही ते त्यांना सांगता आलं नसतं. ती रोज त्या खोलीच्या काचेपाशी उभी राहायची. काचेतून तिला पलंगाचा पांढरा आकार दिसायचा, आणि ती परिचारिकेला विचारायची, पिवळा आहे का? परिचारिका म्हणायची, आहे. मग एके दिवशी म्हणाली, कालच्यापेक्षा कमी. मिलादा तिथेच खुर्चीवर बसली.

दोमिनिका घरी निघाली तेव्हा तिने मुलीला मिलादाच्या खाटेपाशी आणलं नाही. दारातून हात केला की नाही, ते मिलादाला दिसलं नाही.

पुढचं गावाला माहीत आहे. आरोग्य खात्याचे लोक आले, खानावळ बंद राहिली, चौकशी झाली, दंड झाला. मिलादाने सगळं स्वतःवर घेतलं. राडिमने संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. राडिमने ते स्वतःच अधिकाऱ्यांना सांगितलं, आणि त्यानंतर दोघांना एकमेकांशी बोलणं थोडं सोपं झालं. हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा तिला तिचे हात दिसले, आणि ते इतके म्हातारे झालेले तिला माहीतच नव्हतं.

खानावळ पुन्हा उघडली तेव्हा राडिमने शहरातून एक आचारी आणला. तयार क्नेडलिक यायला लागले. कुलाइदा पदार्थांच्या पाटीवरून गेली. मिलादा भांडी घासायला यायची. तिनेच मागून घेतलं होतं. लोइझा बरा होऊन परतला होता, पण निम्मा झाला होता. बिअर बंद. तो बाकावर चहा घेऊन बसायचा आणि चहाला शिव्या द्यायचा. कधी कधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचा, काय गं, आज टोपी दिसतेय का माझी? ती सांगायची, दिसतेय, घाण आहे, धुऊन टाक.

फेब्रुवारीत, तळी गोठलेली असताना, तो झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. गावातले काही जण म्हणाले, हृदय कसलं, सूप. मिलादाने कुणालाच विचारलं नाही. ती घरी दिवा न लावता बसून राहिली, आणि तिला पुन्हा तीच भीती वाटत होती, त्या दुपारसारखी, फक्त आता तिच्यापुढे धावपळ करायला काही नव्हतं.

प्रेतयात्रेच्या आदल्या दिवशी लोइझाची मुलगी हेडविका खानावळीच्या मागच्या दाराने आत आली. पिल्झेनला राहणारी, बापासारखीच रुंद खांद्यांची बाई. मिलादा कोपरापर्यंत साबणात होती. हेडविकाने तिला विचारलं की उद्याच्या जेवणाला स्विच्कोवा तुम्ही कराल का. सायीच्या, मुळांच्या भाज्यांच्या रश्शातल्या मांसाची, वर क्रॅनबेरी घालून, बाबांना आवडायची तशी. आणि क्नेडलिक घरचे.

मिलादाने हात पुसले. ती म्हणाली की लोक खाणार नाहीत. राडिमकडे आचारी आहे. लोक काय म्हणतील ते तिला माहीत आहे, आणि कदाचित ते बरोबरही असतील.

“मला नाही माहीत ते बरोबर आहेत की नाही,” हेडविका म्हणाली. “मी पण विचार केला. पण बाबा तुमच्या हातचं जेवले आयुष्यभर. दुसऱ्याच्या हातचं जेवून मी त्यांना पोचवू शकत नाही.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिलादाने स्वयंपाक केला. तिला आता सगळं दिसत होतं, आणि तरी ती प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा बघत होती. गाजर उलटंपालटं करून, सेलेरीचं मूळ उजेडाकडे धरून, तमालपत्र एकेक मोजल्यासारखं. मांस तिने सावकाश चिरलं. रस्सा गाळून, साय घालून तिने चव घेतली, आणि घास गिळण्याआधी क्षणभर तोंडात धरून ठेवला. शहरातला आचारी बाजूला उभा होता. त्याने न बोलता तिची भांडी धुऊन दिली.

दफनभूमीवरून माणसं आली, काळ्या कपड्यांत, बर्फाचे बूट आपटत. सिमोनाने ताटं नेली. मिलादा दाराच्या आत उभी राहिली. बाहेरच्या खोलीतून चमच्यांचा आवाज येईना. खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं. मग कुठेतरी एक काटा ताटाला लागल्याचा आवाज आला, मग आणखी एक. कोण ते तिने वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं.

तासाभराने ताटं परत आली. काही पुसून घेतल्यासारखी स्वच्छ, क्नेडलिकने शेवटचा थेंब टिपलेला. काही अर्धी. आणि काही जशी गेली तशीच, वरची क्रॅनबेरीसुद्धा हललेली नाही. सिमोना ती बाजूला लपवू लागली. मिलादा म्हणाली, असू दे, इथेच ठेव.

तिने स्वच्छ ताटं पाण्यात बुडवली. उरलेल्यांतलं एक न शिवलेलं ताट उचललं, स्टुलावर बसली, ते मांडीवर घेतलं आणि काटा हातात धरून खायला लागली. सगळं थंड झालं होतं. ती सावकाश खात होती, घाई न करता, आणि ताट रिकामं होईपर्यंत उठली नाही.